टपावरचे दोन काळे

त्या काळात अप्पा आणि दादा यांच्यात जे काही बोलणं व्हायचं, ते माझ्या तोंडून व्हायचं. दोघं एकाच खोलीत बसून जेवायचे. आई तव्यावरून भाकरी काढून टोपलीत टाकायची, दोघं आळीपाळीने ती उचलायचे आणि अप्पा मला म्हणायचे, "शीतल, त्याला सांग, शेडचा पत्रा वाजतोय रात्रीचा. खिळा मारून घे म्हणावं." दादा समोरच असायचा, त्याने ऐकलेलंही असायचं. तरी मी त्याच्याकडे वळून "दादा, अप्पा म्हणतायत पत्र्याला खिळा मार" असं म्हटल्याशिवाय तो हलायचा नाही, घास हातात धरून वाट बघत राहायचा. मग तो म्हणायचा, "त्यांना सांग, उद्या मारतो." आणि मी अप्पांकडे वळायचे. सुरुवातीला मला याचं हसू यायचं. नंतर सवय झाली, आणि सवय झाली आहे हे लक्षात आल्यावर भीती वाटायला लागली. गावाकडे, साताऱ्याला, अप्पांचं आणि थोरल्या चुलत्यांचं बोलणं असंच बंद झालं होतं. ते चुलते वारले तेव्हाही ते बंदच होतं. कशावरून बंद झालं होतं, हे विचारलं तर कुणालाच धड सांगता येत नव्हतं. आमच्या घरातलं कारण निदान मला माहीत होतं. कारण आमच्या बाल्कनीसमोर, पत्र्याच्या शेडमध्ये, चार विटांवर उभं होतं.

आम्ही करंजाड्याला पहिल्या मजल्यावर राहत होतो. इमारतीसमोरचा मोकळा प्लॉट दादाने भाड्याने घेतला होता आणि त्यावर शेड टाकून गाड्यांच्या पेंटिंगचं काम सुरू केलं होतं. सकाळी आईच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज संपला की खालून कॉम्प्रेसर सुरू व्हायचा. दुपारी लांब उलव्याच्या बाजूला विमानतळासाठी डोंगराला सुरुंग लागायचे. आधी खिडकीच्या काचा थरथरायच्या, मग आवाज यायचा, आणि मग गल्लीतली सगळी कुत्री एकदम भुंकायची. संध्याकाळी थिनरचा वास आणि आईच्या लसणाच्या फोडणीचा वास बाल्कनीत एकमेकांत मिसळायचे. कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणायच्या की माझ्या ओढणीला नेलपॉलिशसारखा वास येतो. मला त्याची लाज वाटायची. आज कुठेही थिनरचा वास आला की मला भूक लागते, हे मात्र मी कुणाला सांगत नाही.

अप्पांची टॅक्सी होती. काळी, वरून पिवळी, गोल दिव्यांची, जुन्या वळणाची. माझं आणि दादाचं लहानपण त्या टॅक्सीच्या मिळकतीवर झालं. गाडीचं वय भरलं तसं तिचं परमिट गेलं, आणि अप्पांचे गुडघेही त्याच सुमाराला गेले. भंगारवाले दोनदा येऊन गेले. अप्पांनी दोन्ही वेळा त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. मग एक दिवस ते दादाला म्हणाले, "तुला काय करायची ती कर गाडी. तुझी हाय आता." दादाला तेवढंच हवं होतं. तो मोबाईलवर परदेशातल्या गाड्यांचे व्हिडिओ बघायचा. जुनी गाडी घ्यायची, कापायची, खाली बसवायची, इंजिन उघडं ठेवायचं, मागची चाकं जाड लावायची. त्याला हॉट रॉड म्हणतात. दिवाळीनंतर खारघरच्या एका मैदानात अशा बदललेल्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं, तिथे ही गाडी टेम्पोवर चढवून न्यायचं त्याच्या मनात होतं. रस्त्यावर ती चालणार नव्हती, त्याला परवानगी नव्हती. पण ती बघून लोक आपल्याकडे कामं घेऊन येतील, असं तो म्हणायचा.

"कर काय करायची ती" म्हणताना अप्पांच्या डोळ्यांसमोर काय होतं कोण जाणे. नव्या सीट, नवा रंग, फार तर नवा हॉर्न. ग्राइंडर सुरू झाला तेव्हा ते बाल्कनीत होते. ठिणग्या उडत होत्या. दादाने गाडीचे चारी खांब कापले आणि त्याने आणि काशीनाथने मिळून गाडीचा टप अलगद उचलून शेडच्या भिंतीला टेकवून ठेवला. अप्पा आत आले, माठातलं पाणी प्यायले, आणि मला म्हणाले, "त्याला सांग, टप कापल्यावर पावसाचं काय करनार म्हणावं." तो पहिला निरोप. त्या दिवसापासून बाल्कनीतली त्यांची खुर्ची घराकडे तोंड करून असायची.

इथे काशीनाथबद्दल सांगायला हवं. तो दादाचा भागीदार, दिवाळे गावचा कोळी. वडलांबरोबर होड्या रंगवता रंगवता तो गाड्यांच्या रंगाकडे आला होता. कोणत्याही गंभीर गोष्टीवर तो पहिल्यांदा हसायचा आणि नंतर विचार करायचा. मला तो 'ताय' म्हणायचा, मी त्याच्यापेक्षा निदान सहा-सात वर्षांनी लहान असूनही. कारण मी कॉलेजला जात होते.

आमच्याकडे कॉलेजात जाणारी मी पहिलीच. खारघरला बी.एस्सी. करत होते. पनवेलपर्यंत एक रिक्षा, तिथून दुसरी गाडी, आणि मग खारघरमध्ये मेट्रोच्या खांबांच्या कडेने बरंच चालणं. खांब होते, मेट्रो नव्हती. माझी तिन्ही वर्षं त्या खांबांच्या सावलीतून गेली. वर्गात मी मधल्या बाकावर बसायचे आणि उत्तर येत असलं तरी हात वर करायचे नाही. घरी मात्र उलटं. घरी सगळ्या गोष्टींचा निकाल माझ्याकडे यायचा. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, टीव्हीवरचा डॉक्टर सांगतोय ते खरं का, मावशीच्या मुलीला आलेलं स्थळ चांगलं का. मला यातलं काही कळत नसे. पण "मला माहीत नाही" म्हटलं की आई अशी बघायची, जणू मी मुद्दाम सांगत नाहीये. मग मी "विचार करून सांगते" म्हणायला शिकले. अजूनही मी पुष्कळदा तेच म्हणते. आता शाळेत शिकवते, तिथे मुलांना वाटतं बाई फार विचार करतात.

गाडीचं पत्र्याचं काम झालं. खड्ड्यांत लांबीची पुट्टी भरून, घासून, तिच्यावर राखाडी प्रायमर बसला. आता राहिला रंग. काळाच द्यायचा यावर सगळ्यांचं एकमत होतं. फक्त आईचं नव्हतं.

"काळं संक्रांतीपुरतं बरं," आई म्हणाली. "एरवी कशाला?"

"आई, टॅक्सी काळीच होती ना," दादा म्हणाला.

"व्हती. पर वर पिवळं व्हतं की. हळदीसारखं. तेवढं तू कापून ठिवलंस."

दादाला हवा होता मॅट काळा. अजिबात चमक नसलेला. मोबाईलवर त्याने मला फोटो दाखवले. गाडी उन्हात उभी, पण उजेड जणू तिच्यावर पडून आत शिरलेला. "बघ, शितू. एकदम डेंजर दिसते ना? काय शो नाय, चमक नाय, फक्त शेप. बघणारा थांबणारच." खरंच छान दिसत होती. मला ती फार आवडली होती.

अप्पांचा निरोप वेगळा होता. "त्याला सांग, तव्याच्या बुडाला असतो तसला रंग नको म्हणावं. गाडीत तोंड दिसलं पायजे. सकाळी निघायच्या आधी मी बॉनेटमध्ये भांग पाडायचो."

मी खाली शेडमध्ये जाऊन ते दादाला सांगितलं. "त्यांना सांग, चकाचक काळी म्हणजे परत टॅक्सीच झाली. टॅक्सीच ठेवायची होती तर मला दिली कशाला?"

हा निरोप मी अर्धाच पोचवला. "दादाला चमक नको आहे," एवढंच म्हटलं. अप्पांनी माझ्याकडे बघितलं, आणि उरलेलं अर्धं त्यांना कळलं असावं.

मधला मार्ग काशीनाथने काढला. तो म्हणाला, सॅटिन मारा. म्हणजे मॅटही नाही आणि आरशासारखाही नाही, अंगावर थोडं तेल लावून पुसल्यावर कातडी दिसते तशी मंद झळाळी. दादाने नाक मुरडलं. "सॅटिन म्हणजे ना इकडचा ना तिकडचा."

"आरं, तू बी तसाच हाय," काशीनाथ हसत म्हणाला. "ना सातारचा, ना मुंबईचा. तुला कोन नाय बोलला काय? ताय, तू सांग. तू केमिस्ट्री शिकतंय ना?"

"केमिस्ट्री म्हणजे रंगच की," हे अप्पांचं मत होतं. म्हणजे सगळ्या बाजूंनी ते माझ्यावरच आलं. जेवताना दादा म्हणाला, "अप्पांना सांग, शितू बोलेल तो रंग मारतो. मला मान्य." अप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "मलाबी." आई म्हणाली, "मग झालं तर!" आणि सगळे निवांत जेवायला लागले. मी मात्र हिशोब करत बसले. मॅट म्हटलं की अप्पांना वाटणार, पोरगी भावाच्या बाजूची झाली. दुसरं काही म्हटलं की दादाला वाटणार, एवढ्या मेहनतीची गाडी हिने अप्पांच्या पायावर वाहिली. आज त्यांच्यात माझ्यामार्फत का होईना शब्द जात होते. एकाचं मन माझ्याकडून मोडलं तर तेही जाणं बंद होईल, असं मला वाटत होतं. मी म्हणाले, "विचार करून सांगते."

नमुना बघितल्याशिवाय तिला कसं कळणार, असं काशीनाथ म्हणाला. मग त्या दोघांनी भिंतीला टेकवलेला टप आडवा केला, पिवळा रंग घासून काढला, मधोमध कागदी टेप लावली आणि डावीकडे मॅट, उजवीकडे सॅटिन असे दोन काळे मारले. सुकल्यावर टेप काढली. मी रोज कॉलेजातून आले की आधी तिकडे जायचे. सकाळच्या उन्हात बघितलं, ढगाळलेलं असताना बघितलं. लांबून दोन्ही मला सारखेच वाटायचे. जवळ गेलं, मान जरा तिरकी केली, की उजवीकडे पत्र्याच्या फटीतला उजेड एका रेघेसारखा दिसायचा आणि डावीकडे काहीच दिसायचं नाही.

अप्पा शेडमध्ये येत नव्हते. पण एकदा दूध घेऊन येताना रस्त्यातच थांबले, लांबून टपाकडे बघितलं आणि घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "पिवळा गेला." कुणाला सांग असं काही म्हणाले नाहीत.

मी कॉलेजात आमच्या मॅडमना विचारलं. वर्गात नाही, जिन्यात गाठून. त्यांनी हसून, अगदी प्रेमाने समजावलं की चमक म्हणजे पृष्ठभाग किती सपाट आहे त्याचा खेळ असतो. खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून तो मॅट दिसतो. मी ते नीट पाठ केलं आणि घरी सांगितलं. सगळ्यांनी फार आदराने ऐकलं. अप्पा मान डोलावत होते. माझं बोलून झाल्यावर आई म्हणाली, "बरं. मग कंचा?"

तेवढ्यात नवरात्र आलं. घरात घट बसले, आईचे उपवास सुरू झाले, वरईचा भात आणि दाण्याची आमटी दोन्ही वेळा. अशात काशीनाथ एका संध्याकाळी वर्तमानपत्रात बांधलेला सुक्या मासळीचा पुडा घेऊन वर आला. "मावशी, जवला. आमच्या आयनं धाडलाय. आजच उन्हातून काडला." आई दारातच दोन पावलं मागे सरकली. "अरं देवा! घट बसल्यात घरात!" काशीनाथ जीभ चावून हसला. परत न्यायचा तर त्याच्या आईचा अपमान, घरात घ्यायचा तर देवीचा. शेवटी पुडा बाल्कनीच्या बाहेरच्या जाळीला दोरीने टांगला गेला. दसऱ्यापर्यंत तो तिथे होता आणि गल्लीतली सगळी मांजरं खाली बसून वर बघत होती. अप्पांची खुर्ची नेमकी त्याच जाळीला लागून. "देवी आत, जवला भाईर, आन् मी मदी," ते म्हणाले. पुष्कळ दिवसांनी दादा त्यांच्या बोलण्यावर हसला. पण हसला तो माझ्याकडे बघून.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. गावाकडे कोयता, विळा, नांगराचा फाळ मांडायचे. इथे आईने खाली शेडमध्ये जाऊन सतरंजी अंथरली आणि दादाची स्प्रे गन, पाने, काशीनाथचे ब्रश, ग्राइंडर, सगळं ओळीने मांडायला लावलं. माझी वहीही नेऊन ठेवली. झेंडूच्या माळा झाल्या. गाडीला हळद-कुंकू वाहायला ती उठली, तर दादा म्हणाला, "आई, प्रायमरवर नको. उद्या-परवा रंग मारायचाय, डाग राहील." गाडीला कुंकू नाही, हे आईला पटेना. तिने इकडेतिकडे बघितलं. टपही गाडीचाच. मग तिने नेहमीसारखं केलं. नुसतं कुंकू पत्र्यावर ठरत नाही, म्हणून करंगळीने खोबरेल तेल लावायचं, त्यावर कुंकवाचं बोट फिरवायचं. डावीकडे एक स्वस्तिक, उजवीकडे एक. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, असं तिला करता येत नसे. दोन्ही काळ्यांवर ती लाल स्वस्तिकं इतकी सुंदर दिसली की दादानेही मोबाईलवर फोटो काढला. नारळ फुटला. अप्पा वर बाल्कनीत होते. काशीनाथने त्यांचा प्रसाद माझ्या हाती पाठवला.

दसऱ्याला शेड बंद होती. पुरणपोळी, कटाची आमटी, संध्याकाळी आपट्याची पानं. दादाने अप्पांच्या हातात पान दिलं आणि वाकून नमस्कार केला. अप्पांनी डोक्यावर हात ठेवला. आता बोलतील, आता बोलतील, असं वाटून आई आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो. अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याला सांग, सुखी राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाल्कनीत केस विंचरत होते. खाली शेडचं दार उघडं दिसलं. दादा अजून आंघोळीला होता. मी वाकून बघितलं, तर अप्पा आत होते. टप कापल्यापासून ते पहिल्यांदाच तिथे गेले होते. त्यांच्या हातात फडकं होतं.

अप्पांच्या हाताला पुसण्याची सवय होती. टॅक्सी असताना ते रोज सकाळी तिच्या बॉनेटवर तोंडाने "हाः" करून वाफ सोडायचे आणि गोल गोल हात फिरवून पुसायचे. सणाचं कुंकू दुसऱ्या दिवशी सकाळी पुसायचं, हाही त्यांचा नेम होता. वाळलेलं कुंकू घेऊन धंद्याला जायचं नाही म्हणायचे. त्या सकाळी त्यांनी तेच केलं. उजवीकडच्या, सॅटिनच्या भागावर वाफ सोडली, फडकं फिरवलं, कुंकू निघालं. मग डावीकडे सरकले. तिथलं निघेना. तेल मॅट रंगात मुरलं होतं, आणि तेलाबरोबर कुंकूही. त्यांनी परत वाफ सोडली. जोर लावला. मी वरून "अप्पा!" म्हणून हाक मारली, पण मला पुढे काय म्हणायचं होतं तेच माहीत नव्हतं. मी खाली धावले.

मी पोचले तेव्हा दादाही ओल्या केसांनी मागोमाग आला होता. काशीनाथ डबा हातात घेऊन दारात उभा होता. टपाच्या डाव्या भागावर स्वस्तिकाची फिकट लाल छाया राहिली होती, आणि तिच्याभोवती अप्पांचा हात जिथे जिथे गोल फिरला होता तिथे तिथे रंग घासून चकचकीत झाला होता. मॅटला घासलं की तो चमकतो, आणि एकदा चमकला की परत मॅट होत नाही.

दादाचा चेहरा लाल झाला. "शितू, अप्पांना सांग, मॅटला हात लावायचा नसतो. घासायचा तर बिलकुल नाही."

अप्पा त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. "त्याला इचार, मंग साफ कशी करायची?"

"त्यांना सांग, नुसतं पाणी मारायचं. नाहीतर सोडून द्यायची. कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. मी दोरी बांधणार आहे चारी बाजूंनी."

अप्पांनी फडक्याची घडी घातली. फार वेळ लावून घातली. "त्याला इचार," ते म्हणाले, "पुसायची न्हाई, तर मग आपली कशी म्हणायची?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता रस्ता ओलांडून गेले. जिना चढताना ते कठड्याला धरून चढत होते ते इथून दिसत होतं.

दादाने त्या चकचकीत वर्तुळांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "गेला हा पीस. बरं झालं, गाडीवर नाही केलं. टेन्शन नाय, गाडीला दोरी बांधू."

मला त्या क्षणी काय झालं ते मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. मला धीर आला असं म्हणवत नाही. एवढंच की "विचार करून सांगते" असं म्हणावंसं वाटलं नाही.

"सॅटिन मार," मी म्हटलं.

दादाने वर बघितलं. "तुला तो आवडला?"

"नाही. मला मॅटच आवडतो. फोटोतल्यासारखा. तो जास्त चांगला दिसतो."

"मग?"

"अप्पा पुसणार, दादा. तू दोरी बांध, पाटी लाव, ते पुसणार. आणि दोरी बघून नाही पुसली, तर परत शेडमध्ये यायचे नाहीत."

"अगं, ही गाडी बघायला आहे, पुसायला नाही!"

"मग बघणाऱ्यांसाठी मॅट मार. मला विचारलंस म्हणून सांगितलं."

एवढं मी दादाशी आधी कधी वाद घालताना बोलले नव्हते. काशीनाथने डबा खाली ठेवला. तो हसला नाही. "संतोष," तो दादाला म्हणाला, "बाप उतरला खाली. रंगाचं काय, रंग डब्यात हाय दोन्ही."

दादा नळावर गेला. त्या दिवशी त्याने कॉम्प्रेसर लावलाच नाही. दिवसभर प्रायमर घासत बसला, जो आधीच घासून झाला होता. मी कॉलेजला गेले. मेट्रोच्या खांबांखालून जाताना मला सारखं वाटत होतं की मी चुकीचं बोलले. त्याची गाडी, त्याची मेहनत, त्याचं नाव. त्यात मी अप्पांचा हात नेऊन ठेवला होता. या गोष्टीचं मला आजही पुरतं उत्तर सापडलेलं नाही. प्रदर्शनात दोन मॅट काळ्या गाड्या होत्या आणि लोक त्यांच्यासमोर जास्त वेळ थांबत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

संध्याकाळी परतले तेव्हा शेडला ओलं प्लास्टिक लावलेलं होतं, धूळ बसू नये म्हणून, आणि आतून गनचा फुस्स् फुस्स् आवाज येत होता. कोणता रंग, ते बाहेरून कळत नव्हतं. मी विचारलं नाही. जेवताना माझ्याकडे एकही निरोप आला नाही. मी दोघांच्या मध्ये बसून खाली मान घालून जेवले.

रंग पुरता सुकायला दिले ते दिवस तसेच गेले. मग एका रविवारी सकाळी दादाने प्लास्टिक काढलं आणि काशीनाथ आणि तो गाडी ढकलत बाहेर उन्हात घेऊन आले. मी रस्त्यावर उभी होते. गाडी बुटकी, उघडी, काळी. उन्हाची एक मऊ रेघ तिच्या पाठीवरून चालत गेली आणि बॉनेटवर येऊन पसरली. सॅटिन होता. तोंड दिसत नव्हतं त्यात, पण समोर कोणीतरी उभं आहे एवढं दिसत होतं.

अप्पा जिना उतरून आले. गाडीभोवती एक फेरी मारली. उघड्या इंजिनात डोकावले, जाड चाकाला पायाने टोचून बघितलं. मग बॉनेटसमोर उभे राहिले आणि त्यांचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला. तिथेच थांबला. मी सवयीने त्यांच्याजवळ सरकले. आता ते म्हणणार, शीतल, त्याला इचार.

"ओल्यानं का कोरड्यानं?" अप्पांनी विचारलं.

ते माझ्याकडे बघत नव्हते.

दादा गाडीच्या पलीकडे होता. "ओल्यानं," तो म्हणाला. "पिळून घ्या. आणि जोर लावू नका."

"जोर? मी कवा जोर लावला?"

"टपावर काय लावलात मग?"

"ते कुंकू हुतं! तुझ्या आईनं तेल फासलं, मी काय करू?"

"म्हणून एवढं घासायचं? आणि ते गोल गोल नाही, सरळ हात फिरवायचा, एका दिशेनं."

"गाडी पुसायला तू शिकवतोस मला? लेका, तुझं नाक पुसायच्या आधीपासनं गाडी पुसतोय मी!"

"अप्पा, ही टॅक्सी नाहीये!"

"मग काय हाय? टप न्हाई, डिकी न्हाई, पाऊस आला तर कुठं बसायचं मानसानं?"

काशीनाथ माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होता. मला तिथे काही काम उरलं नव्हतं. मी जिना चढून वर आले. खालून दोघांचे आवाज स्पष्ट ऐकू येत होते, आता पावसावरून सुरू होतं. आई परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"भांडतायत काय गं?"

"हो," मी म्हटलं.

"दोघंच?"

"दोघंच."

आईने तव्याखालचा गॅस बारीक केला, पिठावर ओलं फडकं झाकलं आणि भिंतीला टेकून बसली. "भांडू दे," ती म्हणाली. "भाकरी मागनं टाकते."